हातात उतरलेला राग

माझ्या सासूच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली तो मंगळवार होता. दुपारचे साडेबारा झाले असतील. गॅसवर काही नव्हतं, दारात कुणी उभं नव्हतं, घाई म्हणून कसली नव्हती. हे आधीच सांगते, कारण नंतर मी स्वतःला बरीच कारणं पुरवली आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

सासूबाईंचं नाव गीताबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळं बोलणं गेलं असतं तर मला परवडलं असतं, पण एक शब्द मागं राहिला. 'सारिका'.

सारिका माझी धाकटी जाऊ. ती आणि दीर रविराज तिकडं दौंड तालुक्यात भांडगावला राहतात. ती एका कंपनीत पॅकिंगला आहे, तो कंपनीचीच गाडी चालवतो. महिन्यातून एकदा रविवारी येतात, केळी आणि मोठ्या माणसांचे डायपर घेऊन. मी निमोण्यात आत्यांजवळ असते, रोज. आत्यांना पाणी पाहिजे असलं की 'सारिका'. कूस बदलायची असली की 'सारिका'. नाकावर माशी बसली, उन्हाची तिरीप डोळ्यावर आली, चहा गार झाला, सगळ्याला 'सारिका'. शिरूरच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं, "बाई, मेंदूत एखादा शब्द अडकून बसतो. त्याचा अर्थ लावत बसू नका." डॉक्टरांच्या बायकोसमोर तिच्या जावेचं नाव दिवसातून चाळीस वेळा कुणी घेत नसणार.

त्या दिवशी मी वरण-भात कालवून भरवत होते. तिसरा घास आत्यांनी थुंकला, माझ्या पदरावर. चौथाही. मग डाव्या हातानं, तो चांगला चालतो, त्यांनी माझा हात बाजूला सारला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सारिका."

मी ते मनगट धरलं. धरलं म्हणजे दाबलं. किती वेळ ते सांगता यायचं नाही. आत्या ओरडल्या नाहीत. मला एवढंच पक्कं आठवतंय, की दाबताना बरं वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा खांदे सैल झाले होते.

मग मी हात सोडला, त्यांचं तोंड पुसलं, पदर झटकला आणि पुन्हा घास केला. आत्यांनी उरलेला सगळा भात गुपचूप खाल्ला. एक शीत सांडलं नाही. मला त्या थुंकण्यापेक्षा हे खाणं जास्त लागलं.

माझे मालक, हनुमंत, पलीकडच्या खोलीत झोपलेले होते. रांजणगावच्या एका कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्यामुळं दिवसा घरात माणूस असतं आणि नसतंही. संध्याकाळी डब्याची वाट बघत आईजवळ बसले, तेव्हा त्यांना मनगट दिसलं. चार बोटं निळी पडली होती, अंगठा जरा आतल्या बाजूला.

"गोळ्यांनी झालं आसंल," ते म्हणाले. "डाक्टर म्हणला व्हता न्हवं, रक्त पातळ केलंय म्हणून. जरा कुठं लागलं तरी काळंनिळं व्हतंय."

मी "हं" म्हणाले आणि डबा भरला.

'हं' हे खोटं बोलण्यात धरतात का, मला माहीत नाही. पाच शिलांपैकी चौथं शील खोट्याचं आहे आणि आमच्या विहारात पंचशील मी सांगते. म्हणजे मी पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. भंतेजी पौर्णिमेलाच येतात, एरवी रविवारी माझाच आवाज. माझी पाठ चोख आणि आवाज मोठा. बाकी काही पात्रता लागते असं तोवर मला कुणी म्हणालं नव्हतं.

*

आता सम्यकचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, रखमाजी आप्पा विहारात ग्रंथ वाचत होते. आप्पा रिटायर मास्तर. वाचता वाचता अष्टांगिक मार्ग आला. सम्यक दृष्टी झाली, सम्यक वाणी झाली, आणि सहाव्याला आप्पांनी चष्मा काढला. "सम्यक व्यायाम," ते म्हणाले. "म्हंजी योग्य तो व्यायाम. बायांनो, तुमच्यातल्या निम्म्यांला शुगर हाय. बाकीच्यांची गुडघी गेल्यात. ह्ये अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठिवलंय आन् आपण बसतो पारावर."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहा बायका न्हावऱ्याच्या रस्त्यानं चालायला निघाल्या. साडीवर बूट घालून. पुढं दहा झाल्या, मग तेरा. त्या चालण्याला नावच पडलं. "सम्यकला येती का?" "आज सम्यकला दांडी, पाहुणं हायेत." वरच्या वस्तीवरची भागुबाई शेरडं सोडताना आम्हाला रोज बघायची. एक दिवस तिनं विचारलं, "हे सम्यक म्हंजी काय गं? पंचायतीची योजना हाय का? आमाला न्हाई सांगितलं कुणी."

आत्यांचं दुखणं आल्यापासून तो अर्धा तासच माझा होता. आत्या पहाटे गाढ झोपलेल्या असायच्या. मी चालायचे आणि मोनिका, माझी शेजारीण, माझ्या बाजूनं चालत जगाला नावं ठेवायची. घरी येईतोवर मला वाटायचं, चला, आजचा धम्म झाला.

*

मंगळवारनंतरच्या शनिवारी भाद्रपद पौर्णिमा होती. मालकांना आत्यांजवळ बसवलं आणि पांढरी साडी नेसून विहारात गेले. भंतेजी केंदूरहून एक कार्यक्रम उरकून मोटारसायकलवर मागं बसून आले होते. इथून पुढं त्यांना अजून एका गावाला जायचं होतं. सर्दी झालेली, नाक लाल. बारा वाजायच्या आत त्यांचं भोजन व्हायला हवं म्हणून बायका शिऱ्याच्या पातेल्याभोवती पळत होत्या.

मी पुढं उभी राहिले. त्रिसरण झालं. मग पहिलं शील, कुणा जीवाला इजा न करण्याचं. "पाणातिपाता" म्हणाले आणि पुढं येईना. पाठ होतं, तोंडात होतं, पण येईना. मागं चाळीस माणसं हात जोडून थांबलेली. कुणीतरी खोकलं. मोनिकानं मागून उचललं, "वेरमणी सिक्खापदं समादियामि," आणि सगळे तिच्या मागून निघाले. मी नुसते ओठ हलवले.

"घसा बसला व्हय?" मोनिकानं बसताना विचारलं.

"हं," मी म्हणाले. त्या आठवड्यातलं दुसरं 'हं'.

भोजन झाल्यावर आप्पांनी ग्रंथ उघडला. योग असा, की अष्टांगिक मार्गच होता. आप्पा सहाव्याला पोचले आणि अभिमानानं भंतेजींना म्हणाले, "भंते, आमच्या गावच्या उपासिका सम्यक व्यायाम आठ वर्षं न चुकता करतात. रोज चार किलोमीटर."

भंतेजी शिंकायच्या बेतात होते. ते थांबले. "चार किलोमीटर?"

"जाऊन-येऊन."

भंतेजी हसले. वाईट हसले नाहीत, पण बराच वेळ हसले. मग रुमालानं नाक पुसून म्हणाले, "चालणं चांगलंच आहे, सोडू नका. पण इथला व्यायाम म्हणजे कसरत नाही हो. व्यायाम म्हणजे प्रयत्न. मनाचा प्रयत्न. जे अकुशल अजून मनात उपजलं नाही, ते उपजू न देणं. उपजलं असेल तर सोडून देणं. कुशल उपजलं नसेल तर ते आणणं, आणि आलेलं टिकवणं. एवढाच व्यायाम आहे, बसल्या जागी करायचा. आणि चार किलोमीटरपेक्षा याच्यानंच जास्त दम लागतो."

 मग मागून आवाज आला, "म्हंजी आठ वर्षं आपण उगंच चाललो?"

"माझी शुगर कमी झाली," दुसरी म्हणाली. "मी न्हाई उगंच म्हणायची."

सगळे हसले. आप्पांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. मला त्यांची दया आली आणि माझी जास्त आली. आठ वर्षं पाय चालवले आणि मन जागच्या जागी बसून फुगत गेलं. कुशल म्हणजे तरी आम्हाला काय ठाऊक? पत्रात लिहायचं, इकडील सर्व कुशल.

"कुणाला काही विचारायचंय?" भंतेजी म्हणाले. त्यांचं लक्ष दाराबाहेरच्या मोटारसायकलकडं होतं.

मी हात वर केला. कसा केला कुणास ठाऊक. "भंते, उपजलं आन् सोडायच्या आत हातात उतरलं तर?"

भंतेजींनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं. मी हात खाली घेतला.

"हातात उतरलं," ते सावकाश म्हणाले, "की ते एकट्यानं आवरायचं राहत नाही. लपवलं की ते पुन्हा उतरतं, आणि दुसऱ्यांदा त्याला वाट माहीत असते. ज्याला सांगायला हवं, त्याला सांगायचं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं."

"आन् सांगूनबी पुन्ना आलं तर?"

"येणारच," भंतेजी म्हणाले, आणि त्यांना शिंक आली.

*

मी प्रयत्न सुरू केला. आठवडाभराचा हिशोब ऐकण्यासारखा नाही, पण थोडं सांगते.

पहिल्या दिवशी कळलं, की राग 'सारिका' या शब्दाला येत नाही. त्याच्या आधी येतो. आत्यांच्या पलंगाची लोखंडी पट्टी कुरकुरते, तेव्हाच तो उठून बसलेला असतो, शब्दाची नुसती वाट बघत. म्हणजे उपजू द्यायचा नसेल तर त्या कुरकुरण्यापाशी उभं राहायला हवं. राहिले. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा मी भाकरी थापत होते, तेव्हा तो माझ्या आधीच तिथं पोचला.

दुसऱ्या दिवशी चांगलं मन आणायचा प्रयत्न केला. आत्यांनी माझ्यासाठी केलेलं एखादं बरं आठवायचं ठरवलं. आठवायलाच पंधरा मिनिटं गेली. मग आठवलं. मी नवी सून असताना माझ्या हाताला चुलीचा चटका बसला होता, आणि आत्यांनी शिव्या देत देत त्यावर कोरफड लावली होती. शिव्या बऱ्याच होत्या, पण कोरफडही होती. ते मन दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं.

तिसऱ्या दिवशी मी तांब्या आपटला. पाण्याचा, रिकामा. कुणाला लागला नाही. आत्यांनी मात्र डावा हात पटकन गोधडीखाली घेतला.

मी अशी थकून गेले होते, की रात्री अंग टाकलं की उठायचं नाव नको. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई काहीच करत नाही, नुसती उंबऱ्यावर उभी राहते. मोनिकाला वाटलंच. "तू हल्ली दारात का थांबती गं? आत विंचू हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

आणि या सगळ्यात रोज मला मनगट दिसायचं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळट. सारिका रविवारी येणार होती. मनगट अजून दोन दिवसांनी स्वच्छ झालं असतं. मी माझ्या मनाला पकडलं तेव्हा ते घासाघीस करत होतं: ती पुढच्या रविवारी आली तर बरं.

*

ती त्याच रविवारी आली. रविराजनं गाडी लावली आणि तो भावाशी बोलत अंगणात उभा राहिला. सारिका आत आली, नखं रंगवलेली, हातात पिशव्या. आत्यांचं तोंड उजळलं. सारिका त्यांच्याजवळ बसली, हात हातात घेतला आणि थांबली.

"ताई, ह्ये काय झालं आत्यांच्या हाताला?"

गोळ्यांचं उत्तर तयार होतं. डॉक्टरांचं, मालकांचं, सगळ्या घराचं पाठ झालेलं. ती लगेच मानणार होती. ती मला मानतेच.

"मी दाबला," मी म्हणाले. "गेल्याच्या गेल्या मंगळवारी. जेवत नव्हत्या म्हणून. बारा दिस झाले."

तिला कळलं नाही. "उचलताना?"

"न्हाई. रागानं."

सारिकानं हात हळूच गोधडीवर ठेवला. उठली. तिचा आवाज आधी बारीक होता.

"दोन वर्षं मी सगळ्या कंपनीत सांगत्ये, माझी जाऊ देवमाणूस हाय. माझ्या सासूची लेकीवानी सेवा करती. आन् तुमी…" मग आवाज चढला. "आन् विहारात पंचशील तुमीच सांगता न्हवं? माईकवर? दुसऱ्यास्नी सांगायचं आन् घरात म्हातारीचा हात पिरगाळायचा?"

"पिरगाळला न्हाई. दाबला."

"लई मोठा फरक हाय!"

फरक नव्हताच. मी का बोलले, मला कळत नाही. माणूस कबूल करतानाही थोडंसं पदराखाली ठेवतो.

"मग तू ऱ्हा की हितं," माझ्या तोंडून निघालं. "दोन वर्षांत किती रात्री राहिलीस? नखं रंगवून येती आन् दोन तास हात धरून बसती. तुझं नाव घेत्यात त्या, रोज, माझ्या तोंडावर. तू कर की मग."

बघा, म्हणजे सांगतानाही तो आलाच.

"करती," सारिका म्हणाली. "आजच नेते. काय समजता तुमी?" आणि दारात जाऊन रविराजला हाक मारली.

पुढचा एक तास कुणी माझ्याशी बोललं नाही. गाद्या गाडीत गेल्या, गोळ्यांचा डबा गेला, डायपर आले तसे परत गेले. दोघा भावांनी आत्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. सारिकानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी उंबऱ्यात उभी.

"सारिका," आत्या म्हणाल्या.

"हाय की, आत्या, मी हितं हाय," सारिका म्हणाली.

आत्यांनी मान हलवली. डावा हात वर केला, दाराकडं केला, माझ्याकडं. "सारिका," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा चिडून, मी चहा गार दिला की म्हणायच्या तशा. "सारिका!"

सारिकानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचं तोंड कसं झालं ते मी बघायला नको होतं. रविराजनं गाडी सुरू केली. डॉक्टरांनी अर्थ लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी लावला.

मालक अंगणातून आत आले.  मग म्हणाले, "कशाला सांगितलंस? कोण तपासणार व्हतं?"

"कुणी न्हाई. म्हणून तर."

"माणसानं येवढं खरं बोलायचं व्हय?" ते म्हणाले, आणि मग अगदी खाली मान घालून, "मी पलीकडंच झोपलो व्हतो."

*

घर मोकळं झालं. पहिले दोन दिवस मी झोपले. सम्यकलाही गेले नाही. तिसऱ्या दिवशी मला बरं वाटत होतं आणि ते बरं वाटणं बघून लाज वाटली. पलंग कुरकुरत नव्हता. माझी जागा कोणती ते कळेनासं झालं. मनात एक विचार यायचा, की त्या तिकडंच राहिल्या तर? त्यांच्यासाठी चांगलं, असं तो सांगायचा. फार सभ्य विचार होता. कपडेही चांगले घालून यायचा. त्याला ओळखायला मला रागापेक्षा जास्त वेळ लागला.

पाचव्या दिवशी सकाळी सारिकाचा फोन आला.

"ताई." 

"बोल."

"माझी रजा संपली. हे सोलापूरला गेल्यात गाडी घिऊन. आज सेकंड शिफ्ट हाय, न्हाई गेले तर बिनपगारी…" ती थांबली. "याल का?"

"तुझा ईस्वास हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पण दुसरं कोण हाय?" मग जरा वेळानं, "काल त्यांनी दूध सांडलं. दोनदा. मला बी राग आला."

"मग?"

"मग काय. मोरीत जाऊन रडले."

मी न्हावऱ्यापर्यंत वडापच्या जीपनं गेले, तिथून एसटीनं चौफुला, तिथून रिक्षानं भांडगाव. महामार्गाला लागून त्यांची दोन खोल्यांची भाड्याची जागा. कंटेनर गेला की भांडी वाजतात. मी पोचले तेव्हा दीड वाजला होता. सारिका कंपनीचा निळा शर्ट घालून, गळ्यात आयकार्ड अडकवून पोळ्या लाटत होती. डोळ्याखाली काळं. नखांचा रंग निम्मा उडालेला.

आत्या खिडकीपाशी होत्या. मला बघून त्यांच्या तोंडावर काहीतरी झालं, ते हसू होतं असं मी छातीठोक सांगणार नाही. त्यांच्या कपाळावर केसांची बट आली होती. मी ती बाजूला करायला हात नेला.

आत्यांनी डावं मनगट पोटाशी ओढून घेतलं.

सारिका पोळपाटावरून बघत होती. तिनं पुन्हा खाली बघितलं. मी हात मागं घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मनगटावर आता काही नव्हतं. कातडी स्वच्छ होती.

"न्हेणार का त्यास्नी आज?" सारिकानं विचारलं.

"न्हाई. मी हितं ऱ्हाते काही दिस. तुझ्या डोळ्यांदेखत भरवते."

"माझं डोळं आडीच वाजता कंपनीच्या बसमदी बसणार."

"मग दुसऱ्या कुणाचं तरी ठेव."

तिचं लाटणं थांबलं. "म्हंजी?"

"शेजारी कोण हाय?"

"धुरपदा मावशी. वय झालंय. दिवसभर घरीच आसत्यात."

"त्यांना बोलव. दार उघडं ठिवून त्यांनी हितं बसायचं. मी एकटी नको आत्यांसोबत."

"काय सांगू त्यांना?"

"खरं सांग."

"सगळं?"

"सगळं न्हाई सांगितलं तर त्या मधीच उठून चहा ठिवायला जातील."

सारिका हसली. हसायचं नव्हतं तिला. मग हात पुसून बाहेर गेली. बाहेर कुजबूज झाली. एक "आगं बाई" ऐकू आलं. मी तिथं बसून ते ऐकत होते. कान बंद करायला दोन हात होते, पण ते मांडीवरच राहू दिले.

धुरपदा मावशी आल्या त्या सुपात गवार घेऊन. उंच बाई, कपाळभर कुंकू, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या घरातली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, घाई न करता, बाजारात जनावर बघतात तसं. मग दाराच्या चौकटीला पाठ लावून बसल्या. "मला काय," त्या म्हणाल्या, "गवार तितं मोडली काय आन् हितं मोडली काय."

बसचा हॉर्न वाजला. सारिकानं चपला घातल्या. दारात थांबली. आत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मावशींकडं बघितलं. मी तिला "जा" म्हणाले नाही. ते मी म्हणायचं नव्हतं. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला.

"आठ वाजता फोन करत्ये मावशींला," ती म्हणाली. मला नाही, मावशींना. आणि गेली.

मी भात कालवला. पलंगाशी बसले, पण एवढी लांब, की आत्यांना मान पुढं करायला लागावी, यायचं असेल तर यावं. त्यांनी चमच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मान पुढं आली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

तिसरा थुंकला. माझ्या हातावर, कोमट.

"सारिका," त्या म्हणाल्या.

आला. आधी दातांत, मग मानेत, मग खांद्यावर. मी त्याला येताना बघत होते, पण बघितल्यानं तो काही कमी होत नव्हता. दंडातून खाली कोपरापर्यंत आला. मी वाटी जमिनीवर ठेवली. चमचा वाटीत ठेवला. पलंगापासून हातभर मागं सरकले आणि भिंतीला टेकून बसले.

गवारीचा कट्‌कट्‌ आवाज थांबला नाही. मावशींनी वरही बघितलं नाही. "दम लागला?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"बसा मग. भुकेजल्या की मागत्याल."

आत्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. भातावर साय धरल्यासारखं व्हायला लागलं. बाहेरून दोन कंटेनर गेले, तिसरा गेला. राग कोपराशीच होता. गेला असं मी म्हणणार नाही, पण खाली उतरला नाही. बऱ्याच वेळानं आत्यांनी मान वळवली आणि वाटी कुठं गेली ते शोधायला लागल्या.

"गार झालाय, आत्या," मी म्हणाले. "थांबा, गरम करून आणते."

मी उठले. गुडघे वाजले. मावशींनी मला वाट द्यायला सूप जरा बाजूला ओढलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन परत येईपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.